खालच्या तुकड्याचं पाणी

सरांना रस्त्यानं सरळ चालता यायचं नाही. शाळेच्या फाटकाजवळची जास्वंद, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरची कुंडी, बाजारातल्या बाईच्या पाटीतली मेथी, काहीही दिसो, ते थांबायचे. एक पान अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरायचे, हलकेच दाबायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "भरलेली हाय." म्हणजे पेशी. पान मऊ लागलं तर काही न बोलता कुठून तरी तांब्याभर पाणी आणून झाडाच्या बुडाशी ओतायचे. एकदा भाजीवालीनं त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. "मास्तर, घ्यायची असंल तर घ्या, न्हाईतर चिवडू नका माझी भाजी!" सरांनी ती जुडी घेतली. वर आणखी एक घेतली.

अशी एखादी वल्ली तुमच्याही पाहण्यात असेल. सगळं जग एकाच खिडकीतून बघणारी. सरांची खिडकी म्हणजे वनस्पतीची पेशी. पोरं त्यांना पाठीमागं 'पेशीवाले सर' म्हणायची आणि सरांना ते ठाऊक होतं.

मी त्याच हायस्कुलात मराठी शिकवायची. राहायला सांगलीत, विश्रामबागेत. रोज सकाळी एस.टी.नं कराडच्या दिशेनं निघायचं, दोन्ही बाजूंनी ऊस बघत झोपा काढायच्या आणि शाळेच्या थांब्यावर कंडक्टरनं हाक मारली की उतरायचं. सर शेजारच्याच गावचे, कृष्णाकाठचे. मोटारसायकलवरून यायचे. पुढच्या पिशवीत जेवणाचा डबा आणि त्याच्यासोबत कांदा, बटाटा, एखादं जांभळं पान असलं काहीबाही. विज्ञानाचे शिक्षक आहेत की मंडईचे दलाल, असं मी त्यांना तोंडावर विचारलं होतं. ते नुसते हसले.

आमची ओळख काकडीवरून झाली. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला, कोशिंबिरीचं पाणी सगळ्या पोळीखाली पसरलं होतं आणि मी वैतागले होते. सरांनी मान लांब करून डब्यात पाहिलं. "बाई, मीठ घरातनंच लावून आणलंत व्हय?"

"हो. मग काय शाळेत येऊन लावू?"

"मग पाणी सुटणारच की. आतलं पाणी मिठाकडं पळतंय."

मी म्हटलं, एवढं मलाही कळतं, लग्न होऊन आलेल्या प्रत्येक बाईला कळतं. त्यावर सर एकदम खुलले. म्हणाले, "मग नववीचा अर्धा धडा तुमाला येतोय!" दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गातल्या मुलींना काकडी आणि मीठ आणायला सांगितलं. आख्खा तास वर्गात कोशिंबिरीचा वास दरवळत होता आणि शेजारच्या वर्गात मी कविता शिकवत होते. पोरांचं कशात लक्ष लागणार!

सरांचा पेशीचा पहिला तास एका प्रश्नानं सुरू व्हायचा. मी तो इतक्यांदा ऐकलाय की झोपेतही सांगेन. "आपल्याला हाडं हायत म्हणून आपण उभं राहतोय. मेथीच्या जुडीत हाड हाय का? न्हाई. मग ती सकाळी ताठ आणि संध्याकाळी मान टाकून, असं का?" पोरं विचारात पडायची. मग सर वर्गाची पेशी करायचे. बाकं ओढून चौकोन करायचा, ती पेशीभित्तिका. कडक, पण कुणालाही आत-बाहेर सोडणारी. बाकांच्या आतून चार-पाच मुलींनी ओढण्या धरून उभं राहायचं, ते प्रद्रव्यपटल. नाजूक, पण निवडून आत घेणारं, पाण्याला वाट देणारं आणि मिठाला अडवणारं. ज्याचा आवाज मोठा तो केंद्रक, सगळ्यांना हुकूम सोडायला. हिरवे सदरे घातलेले हरितलवक, त्यांनी उन्हात म्हणजे खिडकीशी बसून स्वयंपाक करायचा. आणि ज्यांना एका जागी बसवत नाही त्या तंतुकणिका, त्यांनी त्या अन्नातून शक्ती काढून द्यायची.

रिक्तिका व्हायला मात्र कुणी तयार नसायचं. नावातच रिकामपण, काम काही दिसत नाही. केंद्रक व्हायला मारामारी. एका वर्षी सरांनी मागच्या बाकावरच्या, कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीला मधोमध बसवलं आणि तिच्या भोवती बाकीच्यांना दाटीनं उभं केलं. म्हणाले, "ही पाण्याची टाकी. पेशीत सगळ्यात मोठी जागा हिची. ही भरलेली असली की आतनं भिंतीला रेटा देती आणि झाड उभं राहतं. केंद्रक कितीबी ओरडू दे, ही बसली की झाड बसलं." ती पोर पुढं वर्गात बोलायला लागली. आता ती इस्लामपूरकडं कुठंतरी नर्स आहे.

मग सूक्ष्मदर्शक. शाळेत एक खोकं भरून यंत्रं होती, त्यातली चालणारी थोडी. आता वर्गात मोठा पडदा आलाय, बोट लावलं की पेशी गरगर फिरते, रंगीत. सरांना त्याचं वावडं नव्हतं. पण आधी पान. खालून जांभळं असलेलं ते शोभेचं झाड असतं ना, सोसायट्यांच्या कडेला लावतात ते, त्याच्या पानाचा खालचा पापुद्रा सोलायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा आणि बघायचं. मीही बघितलं. जांभळ्या विटांची भिंत दिसते, एकेक वीट गच्च भरलेली. मग सर पट्टीच्या कडेनं मिठाचं पाणी सोडायचे. बघता बघता प्रत्येक विटेतला जांभळा रंग भिंतीपासून सुटायचा आणि आकसून मध्ये गोळा व्हायचा. भिंत जागच्या जागी आणि आतलं माणूस अंग चोरून बसलेलं. मला ते बघवलं नाही, खरं सांगते.

"मेली?" मी विचारलं.

"न्हाई अजून. वेळेवर गोडं पाणी मिळालं तर परत भरंल. लई उशीर झाला तर मग न्हाई." हे सांगताना त्यांचा आवाज उतरला होता. मला वाटलं, विज्ञानाच्या माणसाला एवढं काय पानाचं वाटायचं! तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं.

ते थोडं कळलं औंधच्या सहलीत. सरांची सासुरवाडी तिकडची. यमाईच्या डोंगरावर पोरांना चढवून आम्ही खाली आलो आणि कडेच्या माळावर सावली बघून डबे सोडले. सर निवडुंगाचं एक पान कापून पोरांना दाखवत होते, आतला गर, पाणी धरून ठेवणाऱ्या पेशी, सगळं. एका पोरानं सहज म्हटलं, "सर, हितं लईच कोरडं हाय. आपल्याकडं बरं, पाणीच पाणी." त्यावर सर असे काही भडकले की पोरगं पांढरंफटक पडलं. "पाणी हाय म्हणूनच आपलं रान मरायला लागलंय, कळलं का?" मग स्वतःच वरमले. त्या पोराला आपल्या डब्यातला लाडू दिला. येताना गाडीत खिडकीशी बसून राहिले, रस्त्यात एकाही झाडाचं नाव घेतलं नाही.

चैत्रात त्यांच्या गावची जत्रा असते. आम्हा शिक्षकांना जेवायला बोलावणं होतं. मी मटण खात नाही म्हणून वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, माझ्यापुरत्या पुरणपोळ्या केल्या होत्या. तिथं मी पहिल्यांदा अण्णांना पाहिलं. अण्णा म्हणजे सरांचे थोरले भाऊ. फौजेतून हवालदार होऊन परतलेले. पांढऱ्या मिशा, ताठ मान आणि आवाज असा की ओसरीवरचं कुत्रंही उठून उभं राहावं. सगळी शेती त्यांच्या हुकमानं चालायची. चारचौघांत ते सरांना 'मास्तर' म्हणायचे. सर त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नव्हते, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

जेवणं झाल्यावर अण्णा आम्हाला रान दाखवायला घेऊन गेले. वरच्या तुकड्यातला ऊस बघून डोळे निवले. खालच्या तुकड्यात मात्र ऊस नव्हता, उसाची थट्टा होती. पिवळा, खुजा, कुठं उगवलेला, कुठं नाही. मधल्या सऱ्यांत पाणी साठलेलं आणि कडेला जिथं वाळलं होतं तिथं पीठ सांडल्यासारखी पांढरी जमीन. "ह्या तुकड्याला पाणी कमी पडतंय," अण्णा म्हणाले. "वरनं हितवर येस्तवर जिरतंय. दुप्पट सोडतोय आता. मास्तर, मोटर चालू करा."

आणि सर गेले. मान खाली घालून, बांधावरून, मुकाट्यानं. पेटी उघडली आणि मोटर चालू केली. पोरांना काकड्या आणायला लावणारे आमचे सर! माझं टाळकंच सरकलं. बाकीचे परत फिरल्यावर मी पेटीपाशी गेले आणि विचारलं, "सर, त्या जमिनीला काय झालंय?"

"खार फुटलाय. पाण्याचा निचरा न्हाई. वरनं दिलेलं पाणी खाली साठतंय, खालचे क्षार घेऊन वर येतंय. पाणी उन्हानं उडून जातं, क्षार ऱ्हातात. मुळांच्या भोवती पाणी हाय, पण ते पेशीपेक्षा खारट हाय. मग मूळ पाणी घेणार कुठनं? उलट आतलंच बाहेर जायला बघतंय."

"मग जास्त पाणी दिल्यावर?"

"जास्त खार."

"आणि तुम्ही मोटर चालू केलीत."

"व्हय."

मला असला आदर पटत नाही. तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. मी म्हटलं, "नववीतल्या पोराला जे सांगता ते घरात सांगायला काय झालं?"

सर पाण्याकडे बघत राहिले. "बाई, वडील गेले तवा मी लहान होतो. अण्णा भरतीला पळाले ते माझ्यासाठी. बर्फात ड्युट्या केल्या आणि मला कराडला कॉलेजात ठेवलं. ही पेशी मला कुणी दाखवली? त्यांनी दाखवली. आता मी त्यांच्यासमोर उभं राहून म्हणू, की तुमी रान मारताय?"

"रान मारताय असं नका म्हणू. पाणी कमी करा म्हणा."

"एकच झालं ते."

"तुमच्या या आदरापायी वरचा तुकडाही जाईल, सर."

"जाईल," ते म्हणाले. "बांधापर्यंत पांढरं चढलंय. मला दिसतंय. मला झोप लागत न्हाई, बाई." त्यांचे डोळे भरले होते. मग मी गप्प बसले. मी गप्प बसणं ही आमच्या शाळेत बातमी झाली असती.

पण डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच. पुढं शाळेत विज्ञान प्रदर्शन ठरलं. पाहुणे कोण, यावर चर्चा चालली होती, नेहमीचीच नावं. मी म्हटलं, "गावातल्या एखाद्या फौजीला बोलवा की. देशासाठी बर्फात उभे राहिलेत ते लोक." मुख्याध्यापकांना हे एकदम आवडलं. मीच अण्णांचं नाव सुचवलं, मीच निमंत्रण घेऊन गेले. सरांना कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घराला काडी लावून आले होते.

अण्णा आले. काळा कोट, छातीवर पदकं, बुटांना आरसा केलेला. फीत कापली आणि एकेक टेबल तपासत निघाले, परेड बघावी तसे. सरांच्या टेबलापाशी आल्यावर थांबले. तिथं नववीच्या मुली होत्या, सूक्ष्मदर्शक होता आणि त्याच्या मागं सर, चेहऱ्यावर रक्त नाही.

"ह्यात बघायचं असतंय व्हय?" अण्णांनी डोळा लावला. बराच वेळ बघितलं. "काय न्हाई गड्या. एक काळं वाकडं कायतरी हाय."

मुली तोंडावर हात धरून हसायला लागल्या. एकीनं धीर करून सांगितलं, "अण्णा, ती तुमचीच पापणी हाय. जरा लांब धरा डोळा."

अण्णाही हसले. पुन्हा वाकले. "आयला! भिंत हाय की! जांभळ्या इटांची! लय झ्याक!" म्हणून त्यांनी जो डोळा लावला तो काढेचनात.

सर पुढं आले. टेबलावर मिठाच्या पाण्याची बशी होती, मुलींनी मांडलेली. सरांनी ती घेतली नाही. मागच्या कपाटातून एक छोटी बाटली काढली, गढूळ पाण्याची. ती त्यांनी कधी भरून ठेवली होती, देव जाणे. त्यातला थेंब त्यांनी काचपट्टीच्या कडेला सोडला.

अण्णा बघत होते. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. "ह्ये आकसायला लागलंय. कोण वढतंय आतलं पाणी? आरं, भवतीनं तर पाणीच हाय!"

"भोवतीचं पाणी खारट हाय, अण्णा."

"मीठ घातलंस?"

"न्हाई. आपल्या खालच्या तुकड्यातली वरची पांढरी पापडी खरवडून आणली, ती पाण्यात कालवली."

अण्णांनी डोळा काढला नाही. सर बोलायला लागले. आधी चाचरत, मग वर्गात बोलायचे तसे. भिंत काय, पडदा काय, पाणी कुठून कुठं जातं, झाड उभं कशानं राहतं, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा ते भावाला काही शिकवत होते आणि भाऊ वाकून ऐकत होता.

"आता ह्याला गोडं पाणी घाल," अण्णा म्हणाले.

सरांनी एका कडेनं साधं पाणी सोडलं, दुसऱ्या कडेनं टिपकागद लावून खारं पाणी ओढून घेतलं. असं हळूहळू, पुन्हा पुन्हा. पोरं दुसऱ्या टेबलांकडे गेली तरी अण्णा तिथंच. अखेर म्हणाले, "काही भरल्यात. काही न्हाई. काहींचा रंगच वघळून गेलाय."

"त्या आता भरायच्या न्हाईत, अण्णा."

अण्णा सरळ उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते इतक्या हळू बोलले की मला पुढं सरकावं लागलं. "बारक्या, तुला ह्ये म्हाईत हुतं. मग इतकी वर्सं मी सांगितलं की मोटर चालू करायला का जात हुतास?"

"तुमी सांगत होता म्हणून."

अण्णा वळले. सत्काराचा नारळ आणि शाल टेबलावर तशीच ठेवून चालत फाटकाबाहेर गेले. मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते. मी खिडकीकडे बघत होते. काय करून बसले मी, असं मला झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांसमोर बसायला कचरत होते. तेच आले. "बाई, मोटर बंद हाय कालपासनं." काही दिवसांनी म्हणाले, "अण्णा शेतकी खात्याच्या माणसाला घेऊन आले होते. निचऱ्यासाठी चर खणायचे ठरलेत. खाली भोकाचे पाईप टाकायचे, खारट पाणी ओढ्याला काढून द्यायचं." मग शाळा सुटली की सर थेट रानात. मजूर होते, पण हे दोघं भाऊही खोरं घेऊन चरात उतरायचे.

"बोलतात का?" मी विचारायची.

"न्हाई."

"आणि तुम्ही?"

"मी पण न्हाई. पण चहा दोघांचा एकाच किटलीतनं येतो."

पावसाळ्यानं जमीन धुतली. हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून फुलायच्या आत गाडला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. पांढरं वरच्या बांधावरून मागं हटलं. वरचा तुकडा वाचला, हे सरांनी मला शिक्षक-खोलीच्या दारातच, सगळ्यांसमोर, जवळजवळ ओरडून सांगितलं. आणि मग एके दिवशी ते डबा न उघडता माझ्यासमोर बसले आणि खिशातून एक किल्ली काढून टेबलावर ठेवली. मोटरच्या पेटीची. अण्णांनी सकाळी ती त्यांच्या हातात दिली होती. "'ह्ये आता तुज्याकडं,' एवढंच म्हणाले. बाई, प्रदर्शनानंतरचा पहिला शब्द!" ते हसत होते आणि डोळे पुसत होते. मीही पुसले. त्या दिवसापासून रानाला पाणी कधी आणि किती, हे सर ठरवू लागले. मातीत बोट खुपसून बघायचे, पिकात फिरायचे, कधी नुसतेच बांधावर बसायचे आणि पाणी न देताच परत यायचे. अण्णा लांबून बघायचे, विचारायचे नाहीत. खालच्या तुकड्यात सरांनी पहिल्यांदा गहू टाकायचं ठरवलं होतं.

त्या गव्हाची पेरणी झाली आणि सर गेले. सकाळी शाळेला निघायला म्हणून अंगात सदरा घालत होते, छातीत कळ आली. कराडला दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नाही. निवृत्ती जवळच आली होती. शाळेत शोकसभा झाली, मला बोलायला सांगितलं. मराठीची बाई असून मला एक वाक्य धड बोलता आलं नाही. रडले आणि खाली बसले.

दिवस झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. वहिनींशी बसले, बोलले, बोलायचं तरी काय. निघताना अण्णा ओसरीवर होते. खुर्चीवरून उठायला त्यांना वेळ लागला. "बाई, रानाकडनं जाऊ या जरा," म्हणाले.

खालच्या तुकड्यात गहू उगवला होता. सगळीकडे नाही, मध्ये मध्ये टकलं पडलेली, पण जिथं होता तिथं हिरवागार. जिथं नुसती पांढरी जमीन बघून मी संतापले होते, तिथं. मला सरांची इतकी आठवण झाली की मी बांधावरच थांबले. हे बघायला तो माणूस हवा होता. एवढंही देवाला देता येऊ नये? मी तसं म्हणालेही, मोठ्यानं. अण्णांनी मान हलवली.

"तो प्रदर्शनाचा राग अजून आहे का मनात?" मी विचारलं. विचारू नये ते विचारायची मला खोडच आहे.

"माझ्यावर हाय," अण्णा म्हणाले. "त्यो मला भीत हुता, बाई. मला वाटायचं, मान देतोय."

आम्ही मोटरच्या पेटीपाशी आलो. अण्णांनी कमरेला लावलेली किल्ली काढली. हवेत गारठा होता, माती वरून वाळल्यासारखी दिसत होती, पण खाली काय होतं कोण जाणे. जास्त झालं तर पुन्हा खार, कमी पडलं तर गहू वाळणार. अण्णा किल्ली हातात घेऊन माझ्याकडे वळले. ज्या माणसानं जन्मभर हुकूम सोडले तो एखाद्या पोरासारखा माझ्याकडे बघत होता.

"आता पाणी कवा सोडायचं वो, बाई?"

"अण्णा, मी मराठी शिकवते. मला यातलं काही कळत नाही."

"तुमाला काय सांगितलं असंल की त्यानं. समोर बसून जेवत हुता न्हवं?"

सांगितलं होतं. भिंत, पडदा, रिक्तिका, सगळं माझ्या पाठ होतं, तिथल्या तिथं म्हणून दाखवलं असतं. पण या रानाला आज पाणी हवं की नको, हे मला सांगता येईना.

अण्णांनी पेटी उघडली. हिरव्या बटणावर बोट ठेवलं आणि सर यायचे त्या बांधाच्या वाटेकडे बघत तसेच उभे राहिले.